जाताना चढ, येताना उतार

रविवारच्या पहाटे, रस्त्यावरचे दिवे अजून मालवलेले नसतात आणि जेहान सर्कलपाशी दुधाच्या पिशव्या उतरवून घेण्याची तेवढी गडबड चाललेली असते, अशा वेळी नाशिकच्या गंगापूर रोडच्या कडेला जो कोणी स्वस्थचित्ताने घटकाभर उभा राहील, त्याला सायकलींचे दोन प्रवाह परस्परांविरुद्ध दिशांना वाहताना दिसतील. एक प्रवाह शहरातून निघून आनंदवल्ली आणि सोमेश्वर मागे टाकीत गंगापूर धरणाच्या रोखाने पश्चिमेकडे जातो. त्यातील सायकली हलक्या, दिवे डोळे दिपवणारे, आणि स्वारांच्या अंगावर घट्ट व भडक पोशाख, मस्तकावर शिरस्त्राणे. दुसरा प्रवाह गोवर्धन, गंगाव्हरे, सावरगाव या बाजूंनी शहराकडे येतो. त्यातील सायकली काळ्या, निदान एके काळी काळ्या असलेल्या, कॅरियरला डब्याची पिशवी किंवा गवंड्याची थापी बांधलेली, आणि स्वार कोणी माळी, कोणी बिगारी, कोणी एखाद्या सोसायटीच्या फाटकावर दिवसपाळीस रुजू व्हायला निघालेला पहारेकरी. पहिल्यांना रविवार आहे म्हणून सायकल आहे. दुसऱ्यांना रविवार असो वा सोमवार, सायकल आहेच. पहिले एकमेकांना हात उंचावून अभिवादन करतात, दुसरेही ओळखीच्या माणसाला ‘काय पाव्हणं’ म्हणून हटकतात. परंतु पहिल्या प्रवाहातील कोणी दुसऱ्या प्रवाहातील कोणास हात केल्याचे मी, या रस्त्यावर इतकी वर्षे काढूनही, फार क्वचित पाहिले आहे.

प्रस्तुत छोटेखानी पुस्तक या दोन प्रवाहांच्या मध्ये उभे राहून लिहिले आहे. त्याचा विषय सायकल निवडणे आणि ती चालविणे एवढाच असून, कामावर जाण्यासाठी, शरीरप्रकृतीसाठी आणि निव्वळ मौजेसाठी ती कशी घ्यावी व कशी वापरावी याचा त्यात विचार केला आहे. आणि ज्याला हे तीन हेतू तीन वेगवेगळ्या यंत्रांवाचून साधणार नाहीत असे वाटते, त्याची समजूत घालण्याचा थोडासा खटाटोपही त्यात आहे.

माझी उभी हयात कारकुनीत गेली. अर्ज, दाखला, शेरा आणि तगादा यांच्याशी चाळीस वर्षे व्यवहार केलेल्या माणसास कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी अर्जदाराचा मूळ हेतू तपासण्याची खोड लागते. त्यामुळे ‘काका, कोणती सायकल घेऊ?’ असे कोणी विचारले की ‘कुठे जायचे आहे?’ असा उलट सवाल मी करतो. पुष्कळजण यावर गोंधळतात. एका गृहस्थांनी ‘फिट व्हायचे आहे’ असे उत्तर दिले, तेव्हा तंदुरुस्ती हे काही गावाचे नाव नव्हे, तिथे सायकलीने जाता येत नाही, असे मला नाइलाजाने सांगावे लागले. ते रागावले, पण महिनाभराने परत येऊन, पंडित कॉलनीतील आपल्या कचेरीत रोज जायचे आहे, असा दुरुस्त अर्ज त्यांनी सादर केला, आणि मग सायकल ठरवायला पाव तासही लागला नाही. आधी रस्ता आणि दिनक्रम ठरवावा. सायकल ही त्या ठरावाची केवळ अंमलबजावणी आहे, हे मला सांगायचे आहे.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो इतरत्र भरपूर मिळतो. १८१७ साली जर्मनीतील बाडेन संस्थानच्या कार्ल फॉन ड्राइस याने पायांनी जमीन मागे रेटीत चालवायचे लाकडी दुचाकी वाहन केले; मधल्या काळात पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे आणि मागचे ताटाएवढे, असे एक विक्षिप्त प्रकरण होऊन गेले; १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल सिद्ध केली; आणि १८८८ साली बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची धाव बसविली. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत धातू बदलले, दातेरी चक्रे वाढली, ब्रेक सुधारले. परंतु मूळ आराखडा स्टार्लीचाच राहिला. आपल्याकडे हे वाहन आले तेव्हा भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी त्यास ‘पायगाडी’ असे नाव देऊन पाहिले; लोकांनी मात्र ‘सायकल’ हाच शब्द उचलला, त्याला स्त्रीलिंगी करून घरात घेतले आणि तिच्यावर ‘टांग मारण्याचा’ असा एक वाक्प्रचार घडविला, की ज्यातून स्वार होण्याची सारी क्रिया डोळ्यांपुढे उभी राहावी.

नाशिकपुरते बोलायचे तर सायकलीचा खरा आश्रयदाता कोणी हौशी नव्हता, तो पगारदार नोकर होता. नाशिकरोडचे सरकारी छापखाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभे राहिले. पुढे साठनंतर ओझरचा विमानांचा कारखाना आला, सातपूरची औद्योगिक वसाहत आली, मागाहून अंबडची आली. या प्रत्येक ठिकाणी पाळी सुटण्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. माझे वडील जुन्या नाशकातून नाशिकरोडच्या छापखान्यात रोज जात. जाऊन-येऊन सुमारे अठरा किलोमीटरांची ती रपेट ते तीस वर्षे करीत होते आणि त्यास व्यायाम म्हणावे असे त्यांच्या स्वप्नातही कधी आले नाही. त्यांची हर्क्युलस मी अकराव्या वर्षी प्रथम चालविली ती अर्थात सीटवर बसून नव्हे, कारण सीट माझ्या खांद्यास लागे; मधल्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालून, शरीर एका बाजूस व सायकल दुसऱ्या बाजूस कलंडवीत, अर्ध्या पायडलवर. माझ्या पिढीतील बहुतेकांची सायकलविद्येची दीक्षा अशीच झाली असून, गुडघ्यावरील व्रण हे तिचे दाखले आहेत.

त्या काळी सायकल बाळगणे ही सरकारदरबारी नोंद होण्याजोगी गोष्ट होती. नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर आकारीत आणि कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलीस लावावा लागे. बिल्ला नसलेली सायकल चौकात अडविली जाई. दिव्याचा दंडक तर याहून कडक. सूर्यास्तानंतर दिव्याविना, घासलेटचा असो की डायनॅमोचा, सायकल हाकणाऱ्यास पोलीस दंड करीत, आणि दंडाची पावती फाडण्याचा कंटाळा आला असेल तर दोन्ही चाकांची हवा सोडून देत. डबलसीट बसलेल्यांची गत तीच. आज ज्या रस्त्यावर अर्धवट वयाची मुले तीन-तीन जण मोटारसायकलीवर बसून भरधाव जातात, त्या रस्त्यावर एके काळी दिव्याची वात विझली म्हणून एका प्रौढ कारकुनास सायकल हातात धरून घरापर्यंत पायी चालावे लागले होते, असे सांगितले तर नातवंडांना ती दंतकथा वाटते. मला मात्र वाटते की, दिव्याचा तो दंडक शहाणपणाचा होता. सायकलस्वाराला रात्री स्वतःला दिसण्यासाठी दिव्याची गरज थोडी असते. दुसऱ्याला आपण दिसावे यासाठी ती फार असते. या पुस्तकात खर्चाची जी यादी दिली आहे तिच्यात म्हणून सायकल आणि शिरस्त्राण यांच्याखालोखाल मागच्या तांबड्या दिव्याचा क्रमांक आहे.

मग हा सगळा पसारा आवरला कसा? १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लूना ही मोपेड बाजारात आणली, मागोमाग स्कूटरी आल्या, पगार वाढले, कर्जे सुलभ झाली. ज्याने दहा वर्षे पायडल मारले त्याला इंजिनाचा मोह व्हावा यात गैर काही नव्हते. गैर झाले ते एवढेच की, सायकल सोडणे ही बढती ठरली आणि तिच्याकडे परत येणे ही पदावनती. स्वातंत्र्यानंतर अंबत्तूर, सोनीपत, आसनसोल, लुधियाना येथे सायकलींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले होते. त्यांपैकी सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलस कंपनीचा शेवटचा चालू कारखाना, साहिबाबादचा, २०२० साली ज्या दिवशी बंद पडला तो दिवस ३ जूनचा होता. आणि ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी दोनच वर्षांपूर्वी जागतिक सायकल दिन म्हणून ठरविलेला दिवस. एखाद्या कादंबरीकाराने असा योगायोग जुळविला असता तर समीक्षकांनी त्यास ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

नाशकात सायकल परतली ती मात्र निराळ्याच दरवाजाने. २०१५ साली येथील दोन वैद्यकीय व्यावसायिक बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत, दोघांनी आळीपाळीने चालवीत, नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, २०१७ साली, लष्करी वैद्यकीय सेवेतील आणि तेव्हा नाशकात असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत संपविली आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, मिरवणुका निघाल्या, आणि जे गृहस्थ कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणण्यासही मोटार बाहेर काढीत त्यांनी सायकलींची चौकशी सुरू केली. सायकलप्रेमींचे संघ वाढले. नाशिकहून पंढरपूरला दर वर्षी सायकलवारी जाते. फ्रान्समधील जुन्या प्रथेवर आधारलेल्या, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत अशा दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्यांत नाशिककरांची नावे दिसू लागली.

या पराक्रमांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही एक तक्रार नोंदवून ठेवतो. शूरांचे अनुकरण करणारे त्यांची तलवार आधी घेतात आणि तालीम मागाहून. धरणापर्यंत जाऊन येण्यास, म्हणजे फार तर तीस किलोमीटरांच्या वाटेस, कार्बनच्या चौकटीची, बोटभर रुंदीच्या चाकांची सायकल घेणारे आणि तिला मोटारीच्या टपावर बांधून आनंदवल्लीपर्यंत आणणारे लोक मी पाहिले आहेत. परतताना चुलीवरची मिसळ, वर जादा तर्री आणि चार पाव, असा उपाहार करून ते जमाखर्चाची बाकी शून्याच्या पलीकडे नेतात ही गोष्ट निराळी. मिसळीस माझा विरोध नाही. विरोध आहे तो सायकल म्हणजे शर्यत, या समजुतीला. १९२३ साली मुंबईहून आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे पारशी तरुण आपल्या सोबत्यांसह जगप्रदक्षिणेस निघाले आणि १९२८ साली तिघे परतले, तेव्हा त्यांच्यापाशी जी सायकल होती ती जातकुळीने माझ्या वडिलांच्या सायकलीच्याच जवळची होती.

या ठिकाणी एक परदेशचा दाखला देणे अवश्य वाटते. हॉलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात मोटारींखाली लहान मुले दगावण्याचे प्रमाण असह्य होऊन लोक रस्त्यावर उतरले, त्याच सुमारास तेलाची टंचाई आली, आणि तेथील सरकारास सायकलींसाठी स्वतंत्र वाटा बांधणे भाग पडले. परंतु मला त्या वाटांपेक्षा त्यांवरून चालणाऱ्या सायकलीचे कुतूहल अधिक वाटले. चित्रांत पाहिले तर काय? हँडल उंच आणि स्वाराकडे वळलेले, पाठ ताठ, दोन्ही चाकांना मडगार्ड, साखळीवर संपूर्ण झाकण, मागे दणकट कॅरियर, बुडाशी स्टँड, वर घंटी. ही तर आपली काळी सायकल! जगातील सर्वाधिक सायकल चालविणाऱ्या समाजाने जिचा त्याग केला नाही ती वस्तू आपण दारिद्र्याची खूण म्हणून माळ्यावर टाकली, आणि गंगाव्हऱ्याचा माळी जिच्यावरून रोज पहाटे आपल्या दारात येतो तिला सायकल म्हणण्यासही आपण तयार नाही.

अर्थात जुने ते सगळे सोने, असे म्हणणारा मी नव्हे. त्या काळ्या सायकलीत दोन मोठे दोष होते आणि दोन्ही गंगापूर रोडवर जाणवतात. पहिला दोष गिअरचा. तिच्या पुढच्या चक्रास चव्वेचाळीस दाते, मागच्या फ्रीव्हीलला अठरा, आणि चाक अठ्ठावीस इंची. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, मग चढ असो, वारा असो, कॅरियरवर गव्हाची गोणी असो. आताच्या साध्या हायब्रिड सायकलीवर पुढे अठ्ठावीस आणि मागे बत्तीस दात्यांची जोडी लावली तर एका फेऱ्यात दोन मीटरांहूनही कमी अंतर कापले जाते. पाय भरभर फिरतात, पण गुडघ्यावर भार येत नाही. आणि गंगापूर रोड, मोटारीतून जाणाऱ्यास जरी पाटासारखा सपाट भासला, तरी तसा नाही. हा रस्ता गोदावरीच्या उजव्या तीराने, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जातो. नदी ज्या अर्थी नाशकाकडे वाहते त्या अर्थी आपण पश्चिमेस जाताना हळूहळू चढत असतो. तो चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना दिसतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने वारा पश्चिमेचा, म्हणजे समोरून छातीवर. आणि वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो हा सृष्टिनियम सोमेश्वरच्या पुढे उघड्या माळावर आल्यावर शिकवावा लागत नाही. नवशिक्याने हे ध्यानात ठेवून दम राखून जावे, कारण येताना उतार आणि वारा दोन्ही पाठीशी असतात, आणि आपण एकाएकी फार तयारीचे स्वार झालो असा जो भास परतीच्या वाटेवर होतो तो भूगोलाचा प्रसाद असतो.

दुसरा दोष ब्रेकचा. मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाऊस पडला की रबराची पकड सुटते; ब्रेक दाबला असता सायकल थांबण्याचा विचार करीत करीत पुढे जाते. नाशिक शहरात पाऊस बेताचा, पण पश्चिमेकडे गिरणारे-त्र्यंबकच्या बाजूस सरकावे तसा तो वाढत जातो. ज्याला बारमाही सायकल चालवायची आहे त्याने अॅल्युमिनियमच्या रिम किंवा डिस्क ब्रेक असलेलीच सायकल घ्यावी. आणि मडगार्ड नसलेली सायकल विकत घेण्यापूर्वी आपल्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

मापाच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. निवृत्तीनंतर हाती चार पैसे आले तेव्हा एका दुकानी जाऊन, दुकानदाराच्या आग्रहावरून, पुढे आणि मध्ये स्प्रिंगा असलेली, दिसण्यात रणगाड्याचे भावंड शोभेल अशी सायकल मी घेऊन आलो. चौकट माझ्या उंचीस मोठी, वजन अवजड, आणि पायांतले निम्मे बळ त्या स्प्रिंगाच खाऊन टाकीत. तीन महिन्यांत उजवा गुडघा बोलू लागला आणि सायकल जिन्याखाली गेली. तिच्यापायी मला जे ज्ञान झाले ते येथे देतो. चौकट दोन पायांत घेऊन जमिनीवर उभे राहिले असता आडव्या नळीत आणि आपल्यात दोन-तीन बोटांचे अंतर असावे. सीटवर बसून टाच पायडलच्या सर्वांत खालच्या स्थितीवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवून चालविताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आपल्याकडील बहुतेक लोक, दोन्ही तळपाय जमिनीस टेकणार नाहीत या भीतीपोटी, सीट चार बोटे खाली ठेवतात आणि मग गुडघेदुखीचे खापर सायकलीवर फोडतात. मऊ, गादीसारखी सीट दुकानात सुख देते आणि दहाव्या किलोमीटरवर दगा देते; थोडी कठीण, रुंदीला आपल्या बैठकीशी जुळणारी सीट पंधरवड्यात अंगवळणी पडते. चाके फार अरुंद घेऊ नयेत. पस्तीस मिलिमीटरांच्या आसपासची धाव आपल्या खड्ड्यांना, गतिरोधकांना आणि रस्त्याच्या कडेच्या खडीला पुरून उरते, आणि स्प्रिंगांचे काम हवा फुकटात करते.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे माझे समवयस्क मला हसतात. हल्ली मी ‘लेडीज सायकल’ चालवितो. ज्या वयात मागून टांग मारणे हे साहसकृत्य ठरते त्या वयात पाय पुढून अलगद पलीकडे नेता येणारी, खाली झुकलेल्या नळीची चौकट हा मोठाच दिलासा आहे. जी सोय साडीस चालते ती संधिवातासही चालते. पूर्वी के. टी. एच. एम. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर मुलींच्या अशा सायकली ओळीने लागत, त्यांवर बसण्याची मुभा मुलांना नसे, आणि एखाद्याने बसून पाहिलेच तर त्याची वर्षभर थट्टा होई. माझी आता होते, पण ऐकू कमी येत असल्याने निभावते.

प्रकृतीच्या प्रकरणात मी फार वैद्यकी पाजळलेली नाही. प्रौढ माणसाने आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आनंदवल्लीहून अशोक स्तंभापर्यंतचे पाच-सहा किलोमीटर बेताच्या गतीने वीस-पंचवीस मिनिटांचे; रोज जाऊन-येऊन, आठवड्याचे पाच दिवस, हा हिशेब कोणीही बोटांवर करू शकेल. त्यात कपडे बदलणे नाही, व्यायामशाळेची वर्गणी नाही, आणि आज जावे की नाही हा मनाशी होणारा झगडा नाही, कारण कचेरीला जावेच लागते. शिवाय तेवढेच अंतर पायी जाण्यास जी शक्ती खर्ची पडते तिच्या साधारण एक-पंचमांश शक्तीत सायकल माणसास नेते. म्हणून जो चालून थकतो तोही सायकलीवर टिकतो. घाम येतो ही तक्रार रास्त आहे. तिला माझे उत्तर, सकाळी दहा मिनिटे आधी निघावे आणि सावकाश जावे. वडील तसेच करीत, आणि त्यांचा सदरा इस्त्रीचा असे.

मौजेविषयी मात्र हात आखडला नाही. पावसाळ्यात सोमेश्वरजवळ गोदावरीचा धबधबा फुटतो तेव्हा त्याचा गडगडाट रस्त्यावर ऐकू येण्यासाठी इंजिनाचा आवाज नसलेले वाहन लागते. नवश्या गणपतीकडे उतरणारी वाट, राघोबादादांच्या वास्तव्याने ज्या गावाला इतिहासात जागा मिळाली त्या आनंदवल्लीचा नदीकाठ, १९६५ साली पुऱ्या झालेल्या धरणाची मातीची लांबच लांब भिंत, पलीकडे द्राक्षांचे मांडव आणि गिरणाऱ्याच्या बाजारात उतरणारी टोमॅटोची क्रेट, हे सगळे ताशी पंधरा किलोमीटरांच्या वेगाने जसे दिसते तसे ना चालताना दिसत, ना मोटारीतून. या वाटांचे नकाशे शेवटी जोडले आहेत. त्यांत लग्नाच्या तिथीला कोणते रस्ते टाळावेत याचीही नोंद आहे, कारण गंगापूर रोडवर लॉन्सची रांग मोठी आणि वरातीपुढे सायकलस्वाराचा इलाज चालत नाही. रस्ता रुंद होताना ज्या जुन्या वृक्षांच्या मुळापर्यंत डांबर येऊन भिडले, त्यांच्याजवळून रात्री जाताना वेग कमी करावा, अशीही सूचना आहे. ती वृक्षांच्या विरोधात मानू नये. ते आपल्या जागी होते, रस्ता त्यांच्याकडे आला.

विजेवर चालणाऱ्या सायकलीवर एकच पान आहे. मी ती फारशी चालविलेली नाही. ज्यांचे घर-कचेरी अंतर पंधरा किलोमीटरांहून अधिक आहे किंवा ज्यांचे गुडघे माझ्याहून जुने आहेत, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा.

पुस्तकातील एक प्रकरण मात्र अपुरे वाटेल, आणि त्याचे कारण सांगणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. चाकाचा ‘आऊट’ काढणे, म्हणजे तारा कमीजास्त ताणून डुलणारे रिम सरळ करणे, ही सायकलविद्येतील सर्वांत नाजूक कला. मी तिच्यावर चांगली अठरा पाने, आकृत्यांसह, लिहिली होती. छपाईला देण्यापूर्वी, आमच्या घराजवळ झाडाखाली पंप, घमेले आणि पान्यांची पेटी मांडून बसणारा जो कारागीर आहे, ज्याच्याकडे कार्बनच्या सायकलीही येतात आणि गवंड्यांच्या काळ्या सायकलीही, त्याला ते प्रकरण वाचून दाखवावे असे मनात आले. तो ट्यूबवर कानस घाशीत होता. त्याने हात न थांबविता सगळे ऐकून घेतले, सोल्यूशन लावले, ते सुकेपर्यंत फुंकर मारली, ठिगळ दाबले, मग ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिले, आणि म्हणाला, ‘काका, लिहिलंय झकास. पण हे वाचून नाही जमायचं. चाक घेऊन या.’

मी चाक घेऊन गेलो. ते प्रकरण आता दोन पानांचे आहे.